रविवारचा वर्ग

बारावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार कार्ड सासरच्या नावाचं आणि बँकेच्या पासबुकावर तिसरंच, लग्नात बदललेलं नाव. चाळिशी ओलांडलेली बाई पुन्हा शिकायला निघाली की अभ्यासाच्या आधी तिची गाठ या तीन नावांशी पडते. पूर्वी अभ्यासकेंद्रावरचे लेखनिक विवाह नोंदणीचा दाखला बघायचे, अर्जाला जोडायचे, शिक्का मारून पुढे पाठवायचे. आता अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. २०२४ पासून मुक्त किंवा ऑनलाइन पद्धतीने पदवी घेणाऱ्याला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा डीईबी-आयडी काढावा लागतो. त्यासाठी शिकताना मिळवलेली क्रेडिट जमा ठेवणाऱ्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक लागतो आणि तो आधारशी जोडलेला असतो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ई' कमी-जास्त असला तरी संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या व्यक्ती. मग कुणी राजपत्रात नावबदलाची जाहिरात देतं, कुणी आधार केंद्रावर रांग लावतं, कुणी विभागीय मंडळाकडे गुणपत्रिकेची दुसरी प्रत मागतं. तोवर प्रवेशाची मुदत संपत येते.

निफाड तालुक्यातल्या एका अंगणवाडी सेविकेनं मला हे सगळं शांतपणे सांगितलं. पर्यवेक्षिकेच्या पदासाठी पदवी हवी म्हणून ती बी.ए.ला बसली होती. "ताई, पुस्तकाची भीती नाही वाटली. दहावीला मला मराठीत शाळेत सगळ्यात जास्त मार्क होते. भीती वाटली ती त्या पोर्टलची. एकदा चुकीचं बटण दाबलं तर वर्ष जाईल असं वाटायचं." तिचा अर्ज शेवटी तिच्या पुतण्यानं भरून दिला. ओटीपी मात्र तिच्या नवऱ्याच्या मोबाइलवर येत होता आणि नवरा कांद्याची गाडी घेऊन लासलगावला गेलेला होता.

या लेखासाठी नाशिक, पुणे आणि ठाणे जिल्ह्यांतल्या अभ्यासकेंद्रांवर गेले, तिथे रविवारी बसून राहिले, माणसांशी बोलले. मी स्वतःही मध्यम वयात पुन्हा विद्यापीठात नाव घातलेली विद्यार्थिनी आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी केवळ वार्तांकनाचा नाही. या सगळ्यांतून एक मत पक्कं झालं आणि ते सुरुवातीलाच मांडते. मध्यम वयात शिकायला येणाऱ्या माणसाला तंत्रज्ञान थांबवत नाही. यंत्र काही महिन्यांत शिकून होतं. त्याला थांबवतो तो एकटेपणा आणि 'विद्यार्थी म्हणजे वीस वर्षांचा' असं गृहीत धरणारी व्यवस्था. या दोन्हींवर आपल्याकडे एक जुना, साधा आणि उत्तम उपाय आहे. तो म्हणजे तालुक्याच्या गावी भरणारा रविवारचा वर्ग. आणि तोच आज पातळ होत चालला आहे.

मोठ्या माणसांना शिकवण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी आणि कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याला दिवसा शाळेत येता येत नाही, म्हणून शाळेनंच आपली वेळ बदलायची, हा त्यामागचा विचार होता. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं तेव्हा तिथे लग्न झालेल्या आणि विधवा, वयानं वाढलेल्या बायका अक्षरं गिरवायला येत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना येता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. या सगळ्यांनी सगळ्यात आधी घड्याळाचा विचार केला. विद्यार्थ्याला मोकळा वेळ कधी असतो हे बघितलं आणि त्या वेळेला फळ्यासमोर एक माणूस उभा केला.

मुक्त विद्यापीठाची कल्पना ब्रिटनमधून आली आणि तीही तंत्रज्ञानाच्या भरवशावर. मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन यांनी १९६३ मध्ये ग्लासगोच्या भाषणात हवेतून शिकवणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली. मंत्री जेनी ली यांनी ती नेटानं पुढे नेली. १९६९ मध्ये ओपन युनिव्हर्सिटीला सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी अभ्यासाला लागले. प्रवेशासाठी आधीच्या कुठल्याही परीक्षेची अट नव्हती. बीबीसीवर पहाटे आणि रात्री उशिरा व्याख्यानं लागत. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना घरी प्रयोगाचं साहित्य पोस्टानं जाई, त्यात मॅकआर्थर यांच्या रचनेचा प्लास्टिकचा छोटा सूक्ष्मदर्शकसुद्धा असे. दूरचित्रवाणीचं कौतुक सगळ्या जगात झालं. पण त्या विद्यापीठानं गावोगावी शिक्षक नेमले होते, ते स्वाध्याय तपासून लांबलचक शेरे लिहीत आणि उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना आठवडाभर एकत्र राहून शिकावं लागे. विद्यार्थी टिकवले ते मला वाटतं या शेऱ्यांनी आणि त्या आठवड्यानं.

भारतात १९८२ मध्ये हैदराबादला आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ निघालं, ते आता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावानं ओळखलं जातं. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) आलं. १ जुलै १९८९ ला नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. पुणे विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले प्रा. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. गंगापूर धरणाजवळ गोवर्धन गावच्या शिवारात त्याचा परिसर आहे. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. त्या विद्यापीठानं मराठी शिक्षणव्यवहाराला एक स्वतःची परिभाषा दिली: शिक्षणक्रम, अभ्यासकेंद्र, समंत्रक, संपर्क सत्र, स्वाध्याय. शिकवणाऱ्याला प्राध्यापक न म्हणता समंत्रक म्हटलं. तो विद्यार्थ्याच्या शेजारी बसून अडचण सोडवतो, हे त्यात अभिप्रेत होतं. पाठ्यपुस्तकंही तशीच लिहून घेतली गेली. वाक्यं छोटी, प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्ये मध्ये स्वयंअध्ययनाचे प्रश्न. बसमध्ये उभ्यानं वाचता येतील अशी ती पुस्तकं आहेत, आणि खरोखर तशी ती वाचली गेली आहेत.

रविवारी सकाळी अशा केंद्रावर गेलात तर काय दिसतं? एखाद्या महाविद्यालयाची वर्गखोली, बाक विशीतल्या मुलांच्या मापाचे. पहिल्या बाकावर रात्रपाळी करून आलेले पोलीस हवालदार. एसटीच्या वाहक ताई, ज्यांची सुट्टी आज पडली आहे. ग्रामपंचायतीतले शिपाई. सून बाळंतीण आहे म्हणून लवकर निघणाऱ्या एक काकू. निवृत्त बँक अधिकारी, ज्यांना इतिहासात एम.ए. करायची इच्छा तरुणपणापासून होती आणि घरच्यांनी तेव्हा बी.कॉम.ला घातलं. समंत्रक सर यांच्यातल्या निम्म्यांपेक्षा वयानं लहान, म्हणून ते सगळ्यांना अहो-जाहो करतात, आणि हवालदारसाहेब त्यांना उभं राहून "नमस्कार सर" म्हणतात. शिकवणं दोन तास चालतं, पण खरं काम आधीच्या आणि नंतरच्या अर्ध्या तासात होतं. कुणाचा स्वाध्याय अपलोड झाला नाही, कुणाच्या हॉल तिकिटावर विषय चुकला, कुणी घरी अजून सांगितलेलंच नाही की आपण परीक्षेला बसतोय. चहाच्या टपरीवर हे सगळं मोकळं होतं. वाहक ताईंनी मला सांगितलं, "पहिल्या वर्षी दोनदा सोडायचं ठरवलं होतं. दोन्ही वेळा या काकूंनी फोन करून बोलावलं. आता मी सोडलं तर त्या माझ्या घरी येतील."

या एका वाक्यामागे शिक्षणशास्त्राचा मोठा प्रश्न उभा आहे. २०१२ च्या सुमारास अमेरिकेत मोठ्या विद्यापीठांनी आपले अभ्यासक्रम इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट खुले केले, तेव्हा आता वर्गखोलीचं काम संपलं असं बोललं जाऊ लागलं. पुढे हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्स या ऑनलाइन मंचावरच्या अभ्यासक्रमांची सगळी आकडेवारी तपासून दोन संशोधकांनी जानेवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्या शंभरांपैकी जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. नोंदणी करूनही निम्म्याहून अधिक लोक पहिल्या धड्यापर्यंतही पोचले नव्हते. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत मात्र शंभरांत ४६ जण शेवटाला गेले. पैसे भरलेला माणूस ठरवून आलेला असतो, हे यातून दिसतंच. पण फुकट आणि उत्तम आशय समोर असूनही माणसं एकटी पडली की गळतात, हेही दिसतं.

आपल्याकडे हाच प्रवास थोड्या वेगळ्या वाटेनं झाला. १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाची 'कंट्रीवाइड क्लासरूम' लागायची. २००४ मध्ये खास शिक्षणासाठी एज्युसॅट उपग्रह सोडला. जुलै २०१७ मध्ये 'स्वयम्' हा केंद्र सरकारचा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मंच आला. स्वयम्‌वर व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वतः सोडवायच्या चाचण्या आणि चर्चा असा चौपदरी आशय आहे, तो विनाशुल्क आहे, आणि २०२१ च्या नियमानुसार एखाद्या सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यावरून करून पदवीत धरता येतात. ही फार मोठी सोय आहे आणि मध्यमवयीनांनी ती वापरायलाच हवी. मद्रास आयआयटीनं २०२० मध्ये प्रोग्रॅमिंग आणि डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी सुरू केली. तिला जेईई लागत नाही, वयाची अट नाही, चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची, मग पायाभूत टप्पा, पदविका, पदवी. मध्येच थांबलात तर त्या टप्प्याचं प्रमाणपत्र हातात. व्याख्यानं घरी बसून ऐकायची, परीक्षा मात्र केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यायची. देशातली सगळ्यात चर्चेतली ऑनलाइन पदवीसुद्धा परीक्षेसाठी माणसाला समोर बोलावते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तंत्रज्ञान घाईनं आणलं की त्याची किंमत विद्यार्थी मोजतो, हेही आपण बघितलं आहे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायची पद्धत एका सत्रात लागू केली. निकाल महिनोन् महिने रखडले, कुलगुरूंना पद सोडावं लागलं. विशीतल्या मुलाचं त्यात वर्ष गेलं. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाची बढतीची यादी गेली, आणि तशी यादी परत कधी लागेल हे कुणी सांगू शकत नाही.

आता वयाबद्दल. 'या वयात डोक्यात शिरत नाही' हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की त्याचा नीट विचार करायला हवा. जोशुआ हार्ट्सहॉर्न आणि लॉरा जर्मिन या संशोधकांनी २०१५ मध्ये सुमारे ५० हजार माणसांच्या चाचण्यांवरून दाखवलं की बुद्धीच्या सगळ्या शक्ती एकाच वयात कळसाला पोचत नाहीत. माहिती झटपट हाताळण्याचा वेग विशीच्या आतच सर्वाधिक असतो. शब्दसंपत्ती मात्र साठीपर्यंत आणि त्यापुढेही वाढत राहते. म्हणजे सनावळी पाठ करायला वेळ लागेल हे खरं. पण अवघड परिच्छेदाचा अर्थ लावणं, दोन घटनांचा संबंध जोडणं, लेखकाची चलाखी ओळखणं यात मोठा माणूस मागे नसतो. ग्रामीण समाजशास्त्राच्या तासाला 'स्थलांतर' हा घटक शिकवताना समंत्रक सरांनी व्याख्या फळ्यावर लिहिली आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची हजेरी सहा महिने कशी गळते हे अंगणवाडी सेविकेनं वहीतल्या नोंदींसह सांगितलं. सर खडू खाली ठेवून ऐकत राहिले.

खरा त्रास होतो तो हाताला. पंधरा-वीस वर्षं कीबोर्डवर किंवा मोबाइलवर काम केलेल्या माणसाला सलग तीन तास पेननं लिहायचं असतं. तासाभरात बोटं आखडतात, अक्षर सुटतं, वेळ पुरत नाही. चाळिशीचा चष्मा, वर्गातला मिणमिणता दिवा आणि बारीक छापलेली प्रश्नपत्रिका यांचीही भर पडते. उत्तर येतं आणि लिहून होत नाही, अशी तक्रार मी जवळजवळ प्रत्येक केंद्रावर ऐकली. उपाय साधा आहे. परीक्षेच्या दोन महिने आधीपासून रोज अर्धा तास घड्याळ लावून हातानं लिहायचं. हे कुणी पुस्तकात लिहीत नाही. एका काकूंनी दुसऱ्या काकूंना सांगितलेली गोष्ट आहे ही.

मराठीतून शिकणाऱ्यासाठी गेल्या काही वर्षांत जे उघडलं आहे, त्याचा आनंद मात्र मनापासून नोंदवायला हवा. मोल्सवर्थचा १८५७ च्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द टाकून बघता येतो. मराठी विश्वकोश मोबाइलवर वाचता येतो. देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर आहेत. एकेकाळी ज्यासाठी पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयाचं सभासदत्व आणि एसटीचं भाडं लागायचं, ते आता गोठ्यातली धार काढून झाल्यावर ओट्यावर बसून वाचता येतं. इंग्रजीतला संख्याशास्त्राचा परिच्छेद मराठीत समजावून घेण्यासाठी चॅटजीपीटी वापरणारे एक शिक्षक मला भेटले. त्यांनी दाखवलेला उपयोग अस्सल होता. ते एकच प्रश्न चार तऱ्हांनी विचारत, आणि समजेपर्यंत कुणी त्यांच्यावर वैतागत नव्हतं.

पण ३० नोव्हेंबर २०२२ नंतर, म्हणजे चॅटजीपीटी सगळ्यांच्या हाती आल्यानंतर, स्वाध्यायांचं काय झालं हे समंत्रकांना विचारा. एकाच धाटणीची वाक्यं, एकाच क्रमानं आलेले मुद्दे, आणि संदर्भ म्हणून दिलेली पुस्तकं शोधायला गेलं तर सापडत नाहीत. असं यंत्र पुढचा शब्द कोणता शोभेल हे ठरवत वाक्य जुळवतं. ते वाक्य खरं असेलच याची हमी त्याच्या रचनेत नाही, आणि मराठी साहित्यासारख्या विषयात, जिथे इंटरनेटवर मजकूर कमी आहे, तिथे ते सहज चुकतं. यात मी विद्यार्थ्यांना दोष देत नाही. ज्या बाईला दिवसात मोकळा असा एकच तास मिळतो, तिला तो तास वाचवणारं यंत्र मिळालं तर ती वापरणारच. मात्र त्या तासातच तिचं शिक्षण होतं. स्वतःचं एक वाक्य तयार करताना झालेली खटपट हीच तिची कमाई असते. ती यंत्रानं केली तर पदवी मिळते, माणूस होता तिथेच राहतो.

ठाणे जिल्ह्यातल्या एका केंद्रावर यावर काढलेला तोडगा मला फार आवडला. स्वाध्याय कसाही लिहून आणा, पण रविवारी प्रत्येकानं उभं राहून पाच मिनिटं त्यावर बोलायचं आणि दोन प्रश्नांना उत्तर द्यायचं. ज्यांनी उतरवून आणलं होतं ते दुसऱ्या आठवड्यापासून वाचून येऊ लागले. नक्कल शोधणारं महागडं सॉफ्टवेअर त्या केंद्राकडे नाही. ते लागलंही नाही.

व्यवस्था अजून मध्यमवयीन विद्यार्थ्याला ओळखत नाही, याच्या खुणा जागोजागी आहेत. १९६१ च्या आयकर कायद्याच्या ८०सी कलमात मुलांच्या शिक्षण शुल्कावर वजावट मिळाली. करदात्यानं स्वतःसाठी भरलेल्या शुल्कावर मिळाली नाही. ८०ई खाली कर्जाच्या व्याजावर स्वतःसाठीही सवलत होती, पण चाळिशीनंतर एम.ए.साठी कर्ज काढतो कोण? अकॅडमिक बँकेत क्रेडिट सात वर्षं टिकतात, पण ती २०२१-२२ पासूनच्या शिक्षणाची. १९९६ मध्ये बी.ए.चं पहिलं वर्ष पास होऊन लग्नामुळे थांबलेल्या बाईला त्या वर्षाचा काही उपयोग नाही. तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. निदान तिच्यासाठी एखादी चाचणी घेऊन जुनं शिक्षण मान्य करण्याची वाट विद्यापीठांनी काढायला हवी. काही बाबतींत विद्यापीठ अनुदान आयोगानं चांगलं केलं आहे, तेही सांगते. २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या शिकण्याची मुभा दिली. त्याच वर्षीच्या पीएच.डी.च्या नियमांत नोकरी करत अर्धवेळ संशोधनाची वाट ठेवली आणि स्त्रियांना नेहमीच्या मुदतीपेक्षा दोन वर्षं जास्तीची दिली. मुक्त पद्धतीनं घेतलेली पदवी नियमित पदवीइतकीच ग्राह्य आहे, हेही आयोगानं सप्टेंबर २०२२ मध्ये पत्र काढून स्पष्ट केलं. नोकरीच्या मुलाखतीत कुणी 'एक्स्टर्नल आहे का?' म्हणून नाक मुरडलं तर ते पत्र दाखवावं.

मात्र केंद्रांवरचं चित्र काळजी वाटावी असं आहे. समोरासमोर भरणाऱ्या संपर्क सत्रांच्या जागी ऑनलाइन तासाची लिंक पाठवली जाते. पहिल्या दिवशी शंभर नावं पडद्यावर दिसतात, चौथ्या आठवड्यात दहा-बारा, तीही कॅमेरा बंद ठेवून. एका केंद्रसंयोजकांनी सांगितलं की समंत्रकांचं मानधन इतकं तुटपुंजं आहे की रविवार मोडून यायला नवे प्राध्यापक तयार होत नाहीत. ऑनलाइन व्याख्यान स्वस्त पडतं, एकदा टिपून ठेवलं की पुन्हा पुन्हा दाखवता येतं. हिशेबाच्या वहीत ते योग्य दिसतं. पण नोकरीत अडकलेल्या, संसारी, थकलेल्या माणसाला वर्षाच्या शेवटापर्यंत नेऊन पोचवण्याचं काम त्या टिपलेल्या व्याख्यानानं होत नाही. ते वाहक ताईंना फोन करणाऱ्या काकू करतात, आणि त्या दोघी एकमेकींना भेटल्या त्या वर्गात.

विद्यापीठांना विनंती आहे की व्हिडिओ जरूर करा, ॲप जरूर काढा, पण तालुक्याच्या गावी भरणारा वर्ग बंद करू नका आणि समंत्रकांना योग्य मानधन द्या. प्रत्येक केंद्रावर अर्ज भरून देणारा एक माणूस बसवा. त्याचा पगार एका सॉफ्टवेअरच्या वार्षिक शुल्कापेक्षा जास्त होणार नाही.

आणि तुम्ही, हे वाचणारे, पुन्हा शिकायचं मनात असेल तर फी भरण्याआधी दोन गोष्टी करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत ते विद्यापीठ आणि तोच शिक्षणक्रम या वर्षासाठी आहे का ते पाहा. आणि एका रविवारी स्वतः केंद्रावर जाऊन वर्ग खरोखर भरतो का ते बघा. भरत नसेल तर केंद्रसंयोजकांकडे लेखी मागणी करा, सोबत आणखी चार जणांच्या सह्या घ्या. वर्ग मिळणं हा विद्यार्थी म्हणून तुमचा हक्क आहे.